अमेरिकन हायस्कूलचा हिशेब: क्रेडिट, विषयनिवड आणि मुलांच्या प्रगतीवर लक्ष

दहावीचा बोर्ड, बारावीचा बोर्ड, गुणपत्रिका हातात पडली की सुटलो, अशा पद्धतीत वाढलेल्या आईवडिलांना अमेरिकेतलं हायस्कूल आधी सोपंच वाटतं. नववी ते बारावी चार वर्षं, बोर्डाचा ताप नाही, मूल दर वर्षी पुढच्या वर्गात जातंय. गोम अशी की इथे वर्ग पास होत नाही, विषय पास होतो. पास झालेल्या विषयाचं क्रेडिट खात्यात पडतं आणि बारावीच्या शेवटी त्या खात्याची बेरीज होते. एखादं अर्धं क्रेडिट जरी कमी पडलं, तरी डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, अडतो.

त्यात खाती दोन असतात. एक डिप्लोमाचं, दुसरं कॉलेजप्रवेशाचं. पहिल्यावर शाळा लक्ष ठेवते. दुसऱ्यावर लक्ष ठेवणं हे नेमून दिलेलं काम कुणाचंच नाही, म्हणजे ते घरच्यांनी करायचं.

आपल्या मुलाला कुठला नियम लागू आहे?

डिप्लोमाच्या अटी वॉशिंग्टनहून ठरत नाहीत. राज्य किमान अटी घालतं, स्कूल डिस्ट्रिक्ट (भागातल्या सरकारी शाळांचा कारभार बघणारी स्थानिक संस्था) त्यात भर टाकतं, कधी शाळाही एखादी अट जोडते. म्हणून शेजारच्या डिस्ट्रिक्टमधल्या मित्राने सांगितलेली माहिती खरी असूनही तुमच्या उपयोगाची नसते. डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर ‘कोर्स कॅटलॉग’ किंवा ‘प्रोग्राम ऑफ स्टडीज’ नावाची पीडीएफ असते. त्यातलं ग्रॅज्युएशनच्या अटींचं पान छापून घ्या. छापताना वर्ष बघा, कारण बहुतेक ठिकाणी मूल ज्या वर्षी नववीत दाखल झालं त्या वर्षीचे नियम त्याला शेवटपर्यंत लागू राहतात. थोरल्याच्या वेळचं पान धाकटीला चालेलच असं नाही. कॅलिफोर्नियात २०३१ साली पास होणाऱ्या तुकडीपासून पर्सनल फायनान्स सक्तीचा होतोय, २०३० च्या तुकडीला ती अट नाही.

आकडे वाचताना एकक तपासा. टेक्ससमध्ये मूळ आराखडा २२ क्रेडिटचा, ‘एन्डॉर्समेंट’सह (एखाद्या क्षेत्रातल्या जादा विषयांची जोड) २६ चा. व्हर्जिनियात साध्या डिप्लोमाला २२, ॲडव्हान्स्डला २६. फ्लोरिडात २४. न्यू जर्सीत १२०! म्हणजे न्यू जर्सीत पाचपट अभ्यास असतो असं नाही. टेक्ससमध्ये वर्षभराच्या विषयाला १ क्रेडिट देतात, न्यू जर्सीत ५. मूळ माप जुनंच आहे: एका विषयाचे वर्षात सुमारे १२० तास म्हणजे एक ‘कार्नेगी युनिट’. नववीनंतर न्यू जर्सीहून टेक्ससमधल्या डॅलसला गेलात, तर ३० क्रेडिटची ६ होतील. ती नीट चढली की नाही हे नवी शाळा सुरू होण्याआधी बघा.

वेळापत्रकाची पद्धतही विचारून घ्या. रोज सात तासिका असतील तर वर्षाला सात क्रेडिट मिळू शकतात. ‘फोर बाय फोर ब्लॉक’ (एका सेमिस्टरला चारच विषय, लांब तासिका) असेल तर वर्षाचा विषय एकाच सेमिस्टरमध्ये उरकतो. अशा शाळेतून डिसेंबरात सात तासिकांच्या शाळेत गेलं की पंचाईत होते: केमिस्ट्री संपलेली, इंग्रजी सुरूच झालेलं नाही, आणि नव्या वर्गात इंग्रजी अर्ध्यावर आलेलं. घर बदलणं हातात असेल तर उन्हाळ्यात बदला.

डिप्लोमा मिळाला, पण कॉलेजला चालत नाही

दोन खात्यांतला फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो तो कॅलिफोर्नियात. राज्याची डिप्लोमाची किमान अट अशी: इंग्रजी ३ वर्षं, गणित २, विज्ञान २, समाजशास्त्र ३, शारीरिक शिक्षण २, आणि कला, परकी भाषा किंवा व्यवसाय शिक्षण यांपैकी १. एकूण १३. (डिस्ट्रिक्ट यात बहुधा आणखी विषय घालतात.) युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया आणि कॅल स्टेट या तिथल्या दोन सरकारी विद्यापीठ-समूहांची यादी मात्र वेगळी. तिला ‘ए टू जी’ म्हणतात: इतिहास २, इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान २, एकच परकी भाषा २ वर्षं, कला १, इलेक्टिव्ह (ऐच्छिक विषय) १. एकूण १५. शिवाय प्रत्येक विषयात किमान ‘सी’ हवा.

खरी मेख त्या ‘सी’मध्ये आहे. ‘डी’ मिळाला तरी शाळा क्रेडिट देते, डिप्लोमाच्या यादीवर बरोबरची खूण पडते आणि घरी सगळे निश्चिंत होतात. ‘ए टू जी’त तो विषय झालेलाच नसतो. दहावीतल्या केमिस्ट्रीचा हा ‘डी’ बारावीच्या ऑक्टोबरात अर्ज भरताना नजरेला पडला, तर विषय परत करायला ना वेळ असतो ना तासिका. ‘डी’ दिसला की त्याच उन्हाळ्यात विषय पुन्हा करा. त्यासाठी ऑनलाइन ‘क्रेडिट रिकव्हरी’चा कोर्स घ्यायचा असेल तर तो कॉलेजला चालतो का हे आधी लेखी विचारा, कारण डिप्लोमाला चालणारे असे कितीतरी कोर्स कॉलेज मानत नाही. कॉलेजात डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीवर, खेळायचं असेल तर एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेची १६ कोअर कोर्सची आणखी एक यादी असते. तिथेही हाच प्रश्न येतो.

बेरीज कशी करायची

एक प्रत्यक्ष हिशेब मांडून बघू. टेक्ससमधली मुलगी, दहावी संपलेली, लक्ष्य २६ क्रेडिट. अटी अशा: इंग्रजी ४, गणित ४, विज्ञान ४, समाजशास्त्र ३, परकी भाषा २, शारीरिक शिक्षण १, कला १, इलेक्टिव्ह ७.

तिने आठवीत अल्जिब्रा वन केलं होतं, त्याचं १ क्रेडिट हायस्कूलच्या खात्यात आलं. नववीत इंग्रजी, जॉमेट्री, बायॉलॉजी, वर्ल्ड जिऑग्रफी, स्पॅनिश वन, आर्ट, पीई (शारीरिक शिक्षण) असे ७. दहावीत इंग्रजी, अल्जिब्रा टू, केमिस्ट्री, वर्ल्ड हिस्टरी, स्पॅनिश टू, कॉम्प्युटर सायन्स, रोबॉटिक्स असे ७. एकूण १५, बाकी ११. आता ही ११ कोणती ते पाहा. इंग्रजीची २ राहिली, गणिताचं १, विज्ञानाची २. समाजशास्त्रात वर्ल्ड जिऑग्रफी आणि वर्ल्ड हिस्टरी यांपैकी एकच सक्तीच्या रकान्यात बसते, दुसरी इलेक्टिव्हमध्ये जाते. म्हणून यूएस हिस्टरी १, गव्हर्नमेंट अर्धं, इकॉनॉमिक्स अर्धं, अशी २ बाकी. परकी भाषा, पीई, कला पूर्ण. इलेक्टिव्हमध्ये वर्ल्ड हिस्टरी, कॉम्प्युटर सायन्स, रोबॉटिक्स ही ३ झाली, ४ राहिली. २+१+२+२+४ म्हणजे ११, हिशेब जुळला. दोन वर्षांत १४ तासिका आहेत, लागणार ११. तीन मोकळ्या आहेत, पण उरलेली इलेक्टिव्ह एन्डॉर्समेंटच्या साखळीत बसली पाहिजेत. कुठलेही चार विषय उचलून चालत नाही.

क्रेडिटशिवाय टेक्ससमध्ये अल्जिब्रा वन, इंग्रजी वन, इंग्रजी टू, बायॉलॉजी आणि यूएस हिस्टरी अशा पाच ‘स्टार’ परीक्षाही असतात. त्यांचा रकाना वेगळा ठेवा.

असा कागद दर जूनमध्ये एकदा करायचा, समोर ट्रान्स्क्रिप्ट ठेवून. रिपोर्ट कार्ड समोर ठेवून नव्हे! रिपोर्ट कार्डावर गुण दिसतात, कायमच्या खात्यात काय नोंदलं गेलं ते फक्त ट्रान्स्क्रिप्टवर दिसतं. ‘अनऑफिशियल’ प्रत काउन्सेलरकडून (विषयनिवडीत मदत करणारा शाळेतला सल्लागार) किंवा शाळेच्या ऑनलाइन पोर्टलवरून मिळते. नेहमी सापडणाऱ्या चुका ठरावीक आहेत: आठवीतलं क्रेडिट चढलेलंच नाही, समर स्कूलचा गुण आलेला नाही, आधीच्या शाळेचा विषय चुकीच्या रकान्यात गेलाय. आणखी एक चूक चटकन दिसत नाही: तोच कोर्स दोनदा केला तर बहुतेक वेळा क्रेडिट एकदाच मिळतं, पण घरच्या बेरजेत आपण दोन धरलेली असतात.

गणिताची साखळी

बाकीचे विषय थोडे मागेपुढे झाले तरी निभतं. गणितात एक पायरी चुकली की पुढचं सगळं सरकतं. क्रम असा: अल्जिब्रा वन, जॉमेट्री, अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. बारावीत कॅल्क्युलस हवं असेल तर अल्जिब्रा वन आठवीत व्हायला हवं, म्हणजे निर्णय सहावी-सातवीत प्लेसमेंटच्या (मुलाला गणिताच्या कुठल्या पातळीत घालायचं ते ठरवण्याच्या) वेळीच होतो. तेव्हा हायस्कूलचा विचारही घरात नसतो. अल्जिब्रा नववीत सुरू झालं तर दहावीत जॉमेट्री आणि अल्जिब्रा टू एकत्र घेऊन गाडी गाठता येते. हे दोन विषय एकमेकांवर फार अवलंबून नाहीत, त्यामुळे ही जोडी निभते.

आपल्याकडे उलटी चूक जास्त होते. उन्हाळ्यात कोर्स उरकून मुलाला दोन वर्षं पुढे ढकलायचं. अल्जिब्रा वनमध्ये अवयव पाडणं आणि अपूर्णांकी पदावल्या हाताखालून गेल्या नसतील तर मूल प्रीकॅल्क्युलसला येऊन अडकतं, आणि तिथला ‘सी’ ट्रान्स्क्रिप्टवर राहतो. काही डिस्ट्रिक्टमध्ये आठवीतल्या अल्जिब्राचा गुणही हायस्कूलच्या जीपीएत (सगळ्या विषयांच्या श्रेणींची सरासरी) धरतात. घाई करण्याआधी हे विचारा.

ऑनर्स, एपी आणि जीपीए

साध्या जीपीएत ए म्हणजे ४, बी ३, सी २, डी १. वेटेड जीपीएत एपीला (हायस्कूलमध्येच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा कोर्स) बहुतेक ठिकाणी एक गुण वाढवून मिळतो. त्यामुळे एपीतला ‘बी’ वेटेड रकान्यात साध्या वर्गातल्या ‘ए’इतकाच, ४. अनवेटेडमध्ये मात्र तो ३ च. बरीच कॉलेजं आपल्या पद्धतीने जीपीए पुन्हा काढतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया दहावी-अकरावीचेच गुण धरते आणि जादा गुण जास्तीत जास्त आठ सेमिस्टरना देते, त्यामुळे नववीत चार ऑनर्स (वरच्या पातळीचे) विषय कोंबून तिथला आकडा फुगत नाही.

एपीची परीक्षा मे महिन्यात, १ ते ५ गुणांची. तिचा गुण आणि वर्गातला गुण वेगळे. वर्गात ‘ए’ आणि परीक्षेत २ असंही होतं. ड्युअल एन्रोलमेंटचा (हायस्कूलमध्ये असतानाच घेतलेल्या कॉलेजच्या कोर्सचा) गुण कॉलेजच्या कायमच्या ट्रान्स्क्रिप्टवर जातो, हे सही करण्याआधी मुलाला माहीत हवं. आयबी (इंटरनॅशनल बॅकलरिएट) डिप्लोमा म्हणजे सहा विषय, चार हजार शब्दांचा निबंध आणि ४५ पैकी किमान २४ गुण. तो अख्खा कार्यक्रम आहे, त्यातलं एक-दोन घेऊन डिप्लोमा मिळत नाही.

विषय निवडायचा अर्ज साधारण जानेवारी ते मार्चमध्ये येतो. त्यात पर्यायी इलेक्टिव्हचे रकाने असतात ते रिकामे सोडू नका, नाहीतर जिथे जागा उरली तिथे मूल बसवलं जातं. शाळा सुरू झाल्यावर विषय बदलायची मुदत थोडे दिवसच असते. त्यानंतर सोडला तर ट्रान्स्क्रिप्टवर ‘डब्ल्यू’ (विषय सोडल्याची खूण) पडू शकतो.

महाराष्ट्रातून मध्येच आलेली मुलं

इथे नववीपासून हायस्कूल मोजतात. त्यामुळे एसएससीच्या गुणपत्रिकेइतकंच नववीचं प्रगतिपुस्तकही मोलाचं, आणि नेमकं तेच घरात कुठेतरी हरवलेलं असतं. निघण्याआधी शाळेकडून आठवी, नववी, दहावीचे गुण इंग्रजीत, शिक्का-सहीसह, बंद लिफाफ्यात दोन प्रतींत घ्या. शाळा सोडल्याचा दाखला आणि लसीकरणाची नोंद बरोबर ठेवा.

गुणांचं रूपांतर ही सगळ्यात महागात पडणारी जागा. एसएससीला ३५ ला पास, ६० ला प्रथम श्रेणी, ७५ ला विशेष प्रावीण्य. इथे ७० ते ७९ म्हणजे साधारण ‘सी’, आणि टेक्ससमध्ये तर ७० खाली नापास. नोंदणीच्या टेबलावरच्या माणसाने आकडा जसाच्या तसा उतरवला तर विशेष प्रावीण्याच्या ७६ टक्क्यांचा ‘सी’ होतो. बोर्डाच्या श्रेणींचा तक्ता सोबत जोडा. लागलं तर नेसेसच्या (परदेशी गुणपत्रिका तपासणाऱ्या संस्थांची संघटना) सदस्य संस्थेकडून मूल्यांकन करून घ्या. काही शाळा बाहेरच्या गुणांना फक्त ‘पी’ (पास) देतात, त्यात क्रेडिट मिळतं पण जीपीएला धक्का लागत नाही. तसा पर्याय आहे का ते विचारा.

राज्य मंडळाच्या गणिताचे दोन भाग आहेत, बीजगणित आणि भूमिती. कागदावर हे भाग वेगळे दाखवा: ‘मॅथमॅटिक्स’ असं एकच नाव दिसलं तर एकच क्रेडिट मिळतं, भाग वेगळे दिसले तर अल्जिब्रा आणि जॉमेट्री दोन्हींचा दावा करता येतो. विज्ञानाच्या दोन भागांचंही तसंच. पुस्तकांची अनुक्रमणिका इंग्रजीत नेली तर काउन्सेलरचं काम सोपं होतं. मराठी-हिंदीची वर्षं परकी भाषेत धरतील का, हेही तिथेच विचारा. मराठी शाळा किंवा प्रावीण्य परीक्षेवर क्रेडिट देणारी डिस्ट्रिक्ट आहेत, आणि ‘सील ऑफ बायलिटरसी’चा (दोन भाषा येत असल्याची डिप्लोमावरची मोहोर) मार्गही आहे.

नोंदणीच्या अर्जात घरात कुठली भाषा बोलता असा प्रश्न येतो. मराठी लिहिलं की मुलाची इंग्रजीची चाचणी होते. घाबरून खोटं लिहू नका, फक्त मुलाला आधी सांगा की ही चाचणी मनावर घेऊन द्यायची. कंटाळून दिली तर ते भाषासाहाय्याच्या वर्गात जाऊन एक तासिका गमावतं.

दहावी झालेल्या मुलाला सहसा अकरावीत घालतात. यूएस हिस्टरी, गव्हर्नमेंट आणि इंग्रजीची भरपाई दोन वर्षांत करायची असते. इंग्रजी कच्चं असेल तर पुन्हा दहावीत बसवायला हरकत नाही. ‘वर्ष वाया गेलं’ हा हिशेब इथे लागू होत नाही.

आठवड्याचं लक्ष

शाळेच्या गुण-हजेरीच्या पोर्टलचं नाव पॉवरस्कूल, इन्फिनिट कॅम्पस, स्कायवर्ड, पेरेंटव्ह्यू, काहीही असो, पालकाचं स्वतःचं खातं उघडा. मुलाच्या पासवर्डने बघू नका. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, मूल शेजारी बसलेलं असताना बघा. रोज तीनदा बघणाऱ्या घरात फक्त भांडणं वाढतात.

नजर कुठे टाकायची ते गणितावरून कळेल. समजा टेस्टला ६० टक्के वजन, क्विझला २५, गृहपाठाला १५. तीन टेस्टची सरासरी ८२, क्विझ ८८. दहापैकी तीन गृहपाठ दिलेच नाहीत, म्हणून ७०. एकूण ४९.२ + २२ + १०.५ = ८१.७. तिन्ही गृहपाठ दिले असते तर ८६.२. आता आजारपणात चौथी टेस्ट बुडाली आणि तिथे शून्य पडलं: टेस्टची सरासरी ६१.५, एकूण ६९.४. टेक्ससमध्ये नापास. तीन गृहपाठांवरून घर डोक्यावर घेण्याआधी त्या बुडालेल्या टेस्टच्या बदल्यातली मेकअप टेस्ट कधी आहे ते विचारा.

पोर्टल फसवतंही. शिक्षकाने रकाना रिकामा ठेवला तर न दिलेलं काम धरलंच जात नाही आणि गुण फुगलेला दिसतो. तिमाहीच्या शेवटी शून्यं भरली की ९१ चे ७७ होतात. म्हणून टक्क्यांआधी ‘मिसिंग’ची यादी आणि शेवटची नोंद कधीची ते वाचा. ‘इन्कम्प्लीट’चा ‘आय’ मुदतीत मिटवला नाही तर त्याचा बहुधा ‘एफ’ होतो.

गुण घसरला तर आधी मुलाने शिक्षकांना भेटायचं, मग मुलाने ईमेल करायची, मग पालकाने. त्यानंतर काउन्सेलर. काउन्सेलरांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस अडीचशे मुलांमागे एक अशी आहे, प्रत्यक्षात अनेक शाळांत याहून जास्त मुलं असतात. ‘कसं चाललंय?’ असं विचारलंत तर ‘छान’ असंच उत्तर येईल. ‘दहावीतलं हेल्थचं अर्धं क्रेडिट ट्रान्स्क्रिप्टवर दिसत नाही, ते कधी चढेल?’ असं विचारा.

हजेरी हा आपल्या घरांमधला दुखरा विषय. टेक्ससमध्ये क्रेडिटसाठी ९० टक्के हजेरी लागते. सेमिस्टर साधारण ९० दिवसांचं धरलं तर मुभा ९ दिवसांची. डिसेंबरच्या सुट्टीला दोन आठवडे जोडून भारतात कुणाच्या लग्नाला गेलं की १० दिवस गेले. गुण ‘ए’ असला तरी क्रेडिट अडकतं आणि समितीपुढे अर्ज करावा लागतो. इतर राज्यांचे नियम निराळे, पण तिकीट काढण्याआधी हजेरी कार्यालयात विचारायला पाच मिनिटं लागतात.

मूल १८ चं झालं की ‘फर्पा’ कायद्याने शैक्षणिक नोंदींचे हक्क त्याच्याकडे जातात. हायस्कूलमध्ये फरक फारसा जाणवत नाही. कॉलेजात पोर्टल बंदच होतं, तेव्हा बारावीत आठवड्याची बैठक मुलानेच चालवावी.

बारावीच्या वसंतात बहुतेक ठिकाणी गव्हर्नमेंट किंवा इकॉनॉमिक्सचं अर्धं क्रेडिट शिल्लक असतं. प्रवेश मिळालेलं मूल नेमकं तिथे ढिलं पडतं. कॉलेज अंतिम ट्रान्स्क्रिप्ट मागतंच, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला तो १ जुलैपर्यंत लागतो. शाळेने तो पाठवला आहे का, हे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात फोन करून विचारा, कारण त्यानंतर शाळेचं ऑफिस अनेकदा उन्हाळ्यापुरतं बंद असतं.